सव्वादोन फुटांचा संसार

मुलुंडच्या माणसाला 'तुम्हांला आगगाडी आवडते का हो?' असं विचारणं म्हणजे हलवायाच्या गड्याला 'पेढा आवडतो का?' असं विचारण्यापैकी आहे. तो बिचारा दिवसभर खव्यात कोपरापर्यंत बुडालेला असतो. घरी गेल्यावर त्याला ठेचा-भाकरी हवी असते. मी स्वतः चौतीस वर्षं आठ-सतराची लोकल पकडली. पकडणे हे क्रियापद आपण प्रामुख्यानं चोर, साप आणि लोकल या तिघांसाठी राखून ठेवलं आहे, यातच सगळं आलं. या चौतीस वर्षांत आगगाडीतून काय पाहिलंत असं कुणी विचारलं, तर पुढच्याच्या सदऱ्याची कॉलर, तिच्यावरचा घामाचा नकाशा आणि विक्रोळीला उतरणाऱ्या एका गृहस्थाची डब्याची पिशवी, एवढंच मला खात्रीनं सांगता येईल.

अशा माणसाच्या कुळात एक आगगाडीवेडा निघावा, याला दैवाची थट्टा म्हणायचं नाही तर काय? माझा भाचा इंग्लंडात बर्मिंगहॅमला असतो. संगणकाचं काहीतरी करतो. काय करतो, ते त्यानं मला दोनदा समजावून सांगितलं आणि दोन्ही वेळा मी 'वा, वा' म्हणालो. तर एके दिवशी त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, घाटकोपरहून फोन आला. आवाज रडवेला.

"दादा, अरे पोरगा तिकडे रुळांवर खडी टाकायला जातो रे!"

"का? नोकरी गेली की काय त्याची?"

"छे रे, नोकरी आहे. शनिवार-रविवार जातो."

"मग चांगलंच आहे की. जोडधंदा झाला. चार पैसे सुटत असतील—"

"पैसे कुठले सुटतात! उलट हाच त्यांना देतो. वर्षाची वर्गणी भरलीय. शिवाय जायच्या-यायच्या पेट्रोलचा खर्च ह्याचाच!"

वर्गणी भरून हमाली करायची, ही कल्पना आमच्या घराण्याला अगदी नवीन होती. आमच्या पूर्वजांनी वर्गणीही चुकवली आणि हमालीही चुकवली, असाच आमचा उज्ज्वल इतिहास आहे. त्यामुळे घरात तातडीची बैठक भरली. तिकडच्या थंडीनं डोक्यावर परिणाम झाला असावा, असं आमच्या सौ.चं मत पडलं. मेहुण्यांना वेगळाच संशय होता. रूळ हे निमित्त असून खरी भानगड तिथल्या स्टेशनमास्तरच्या मुलीची असावी, असं त्यांनी सुपारी कातरता कातरता सुचवलं. इतक्यात पोराचा फोटोच आला. अंगभर चिखल, हातात फावडं, मागे हिरवीगार टेकडी, स्टेशनमास्तरची मुलगी कुठेही नाही, आणि चेहऱ्यावर असा आनंद की तसा तो इंजिनिअरिंगची परीक्षा पास झाला त्या दिवशीच्या फोटोतही नव्हता.

मग मात्र मी या प्रकरणात खोल शिरलो. निवृत्त माणसाला खोलात शिरायला वेळ असतो आणि वर यायची घाई नसते.

इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथली भाषा निराळी. गावांची नावं वाचताना तोंडात पानाचा तोबरा आहे असं धरून चालावं, म्हणजे उच्चार बरोबर येतो. त्या मुलखात समुद्रकाठी टाउइन म्हणून एक गाव आहे आणि आत डोंगरात पाटीच्या दगडाची खाण होती. लहानपणी आपण ज्या काळ्या पाटीवर 'ग म भ न' गिरवलं, त्याच जातीचा दगड. तिकडे त्याची घरांवर कौलं घालतात. हा दगड खाणीपासून गावापर्यंत आणण्यासाठी १८६५ साली एक चिमुकली रेल्वे उभी राहिली. तिचं नाव टालिलिन रेल्वे. वर्षभरात ती माणसंही वाहू लागली. आपल्या लोकलच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचं अंतर असतं. टालिलिनच्या रुळांत सव्वादोन फूट. आपल्याकडे चौथ्या सीटसाठी 'जरा सरका' म्हटल्यावर जेवढी जागा होते, तेवढ्या जागेत त्यांनी अख्खी रेल्वे बसवली होती.

या रेल्वेकडे इंजिनं किती? दोन. एकाचं नाव 'टालिलिन' आणि दुसऱ्याचं 'डॉल्गॉक'. या दोन इंजिनांवर त्यांनी ऐंशीहून अधिक वर्षं संसार केला. एक आजारी पडलं की दुसऱ्यानं ओढायचं. आमच्या चाळीत एका घरी दोन भावांत एकच कोट होता, त्यातलाच हा प्रकार.

१९११ साली ही खाण आणि ही रेल्वे सर हेन्री हेडन जोन्स नावाच्या गृहस्थांनी विकत घेतली. हे त्या भागाचे खासदार. पुढे खाणीचा धंदा बसत गेला आणि १९४६ च्या अखेरीला खाणीत दरड कोसळून ती बंदच पडली. दगड नाही म्हटल्यावर रेल्वेला काम नाही. कुठल्याही शहाण्या मालकानं रूळ उपटून भंगारात घातले असते. पण म्हातारा हट्टी. मी जिवंत आहे तोवर उन्हाळ्यात गाडी धावणारच, असा त्याचा शब्द होता आणि तोटा सोसून त्यानं तो पाळला. १९४८ साली ब्रिटिश सरकारनं देशातल्या रेल्वे कंपन्या ताब्यात घेतल्या, तेव्हा ही टालिलिन त्या यादीत आलीच नाही. गवत इतकं वाढलेलं होतं, की सरकारी माणसाला बहुधा ती दिसलीच नसावी.

जुलै १९५० मध्ये सर हेडन वारले. आता गाडीचं काय?

इथे टॉम रोल्ट नावाचा एक गृहस्थ पुढे आला. व्यवसायानं इंजिनिअर, पिंडानं लेखक. हे मिश्रण घरच्यांना फार तापदायक असतं. त्यानं वर्तमानपत्रात पत्र लिहिलं आणि ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅममधल्या एका हॉटेलात सभा बोलावली. विषय एकच : एक मरायला टेकलेली रेल्वे आपण हौशी माणसांनी चालवायची का? सभेला सत्तरेक माणसं आली.

सत्तर! मी हा आकडा वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. आमच्या सोसायटीत अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं आहेत. पाण्याची टाकी गळते, या जिव्हाळ्याच्या विषयावर सभा बोलावली, तर सेक्रेटरी, खजिनदार, मी आणि खाली खेळणारी दोन मुलं एवढीच मंडळी येतात. मग गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते. अर्ध्या तासानं नियमाप्रमाणे तीच पुन्हा भरते, तोवर ती दोन मुलंही गेलेली असतात. आणि इकडे सत्तर माणसं ऑक्टोबरच्या थंडीत, दुसऱ्याच्या गावातल्या, दुसऱ्याच्या मालकीच्या, पुरत्या मोडलेल्या रेल्वेसाठी जमतात!

जमले ते जमले, कामालाही लागले. १४ मे १९५१ रोजी त्यांनी पहिली गाडी सोडली. हौशी स्वयंसेवकांनी वाचवून चालवायला घेतलेली ही जगातली पहिली रेल्वे. पण ती चालवणं म्हणजे काय थट्टा होती? स्लीपर कुजलेले. रूळ जागच्या जागी राहिले होते ते खिळ्यांमुळे कमी आणि गवताच्या मुळांमुळे जास्त. त्यामुळे गवत उपटावं तर रूळ सरकणार, आणि ठेवावं तर चाकं घसरणार. घर शाकारणाऱ्या माणसाला हा पेच कळेल. दोन इंजिनांपैकी 'टालिलिन'नं केव्हाच अंथरूण धरलेलं. धावण्याजोगं एकटं 'डॉल्गॉक', तेही वयाची पंच्याऐंशी गाठलेलं. पंच्याऐंशीच्या माणसाला आपण जिन्यावरून हात धरून उतरवतो. यांनी त्याच्या मागे डबे लावले.

दैव मात्र अशा वेड्यांच्या बाजूनं असतं. जवळच कॉरिस नावाची दुसरी एक छोटी रेल्वे होती. ती १९४८ साली बंद पडली आणि तिची दोन इंजिनं ताडपत्रीखाली पडून होती. तिच्याही रुळांत बरोब्बर सव्वादोन फूट! हे माप ब्रिटनमध्ये दुर्मिळ. म्हणजे पत्रिका न बघता छत्तीस गुण जुळले. पंचवीस-पंचवीस पौंडांत ती इंजिनं यांनी घेतली. आमच्या मिक्सरच्या नुसत्या भांड्याला परवा किती पडले, ते मी इथे सांगत नाही. एका इंजिनाला त्यांनी जुन्या मालकाचं नाव दिलं, 'सर हेडन', आणि दुसऱ्याला जुन्या मॅनेजरचं, 'एडवर्ड थॉमस'. मला हे फार आवडलं. मालकाचं नाव देणारे पुष्कळ असतात. मॅनेजरचं नाव इंजिनाला देणारे विरळा.

हळूहळू माणसं येत गेली. कोणी मास्तर, कोणी बँकेतला, कोणी डॉक्टर. एक तर पाद्री होता, रेव्हरंड ऑड्री. माझा नातू ज्या निळ्या थॉमस इंजिनाची कार्टूनं बघत वरणभात गिळतो, ते इंजिन या पाद्रीबुवांनी जन्माला घातलं. हे महाशय १९५२ साली टालिलिनवर स्वयंसेवक म्हणून आले आणि गार्ड झाले. एकदा त्यांनी मोठ्या रुबाबात शिट्टी मारून गाडी सोडली आणि चहा-बिस्किटं विकणारी बाई प्लॅटफॉर्मवरच राहिली, असं सांगतात. पुढे त्यांनी याच रेल्वेवरून आपल्या गोष्टींत एक नवी रेल्वे रचली. १९५३ साली 'द टिटफील्ड थंडरबोल्ट' नावाचा चित्रपट निघाला, गावकरी आपली गाडी स्वतः चालवतात असा. त्यालाही स्फूर्ती टालिलिनचीच.

एकानं केलं की शेजाऱ्याला सुचतं. त्याच वेल्समध्ये फेस्टिनियॉग नावाची आणखी जुनी रेल्वे आहे, १८३६ सालची. तिथे पहिली काही वर्षं मोठी गंमत होती. दगडांनी भरलेल्या वाघिणी उतारावरून आपोआप खाली येत आणि रिकाम्या वाघिणी घोडे वर ओढून नेत. मग घोडे खाली कसे येत? तर त्यांच्यासाठी गाडीला खास डबा जोडलेला असे. घोडा त्यात ऐटीत उभा राहून चारा खात समुद्रापर्यंत येई. चौतीस वर्षांत मला आठ-सतराला जेवढी ऐसपैस जागा मिळाली नाही, तेवढी १८३६ साली वेल्समध्ये घोड्याला मिळत होती.

हीही रेल्वे १९४६ साली बंद पडली आणि १९५५ पासून हौशी मंडळींनी थोडी थोडी करून पुन्हा सुरू केली. पण पुढच्या वाटेवर वीज केंद्रासाठी तलाव झाला आणि जुना मार्ग पाण्याखाली गेला. तलाव म्हटल्यावर आपण काय केलं असतं? निवेदन दिलं असतं. फार तर एक दिवसाचं लाक्षणिक उपोषण. या लोकांनी १९६५ साली कुदळी घेतल्या आणि तलावाला वळसा घालणारी नवी वाट खणायला सुरुवात केली. उंची गाठण्यासाठी रुळांचं असं वेटोळं घातलं, की गाडी स्वतःच्याच वाटेवरून पलीकडे जाते. असं वेटोळं ब्रिटनमध्ये दुसरं नाही. खणायला लागले १९६५ ला, पलीकडे जोडले गेले १९७८ ला, आणि शेवटच्या गावी गाडी पोचली १९८२ साली. ज्यानं तरुणपणी पहिली कुदळ मारली असेल, त्याला शेवटच्या स्टेशनात उतरताना गुडघ्याला हात लावावा लागला असेल.

आणि हे सगळं नुसतं घाम गाळणं नाही हं, उत्सवही आहे. टाउइन गावात १९८४ पासून माणसं टालिलिनच्या गाडीशी शर्यत लावून धावतात. शेतांतून, चिखलातून धावायचं आणि गाडीच्या आधी गावात परतायचं. आम्हीही मुलुंडला रोज गाडीच्या मागे धावलो, पण ते शर्यतीत धरत नाहीत. २०२१ साली वेल्सचा तो सगळा पाटीच्या दगडाचा मुलूख 'युनेस्को'नं जागतिक वारसा म्हणून जाहीर केला, त्यात या दोन्ही रेल्वे आल्या.

ही सगळी कथा मी सौ.ला सांगितली. ती लसूण सोलत होती. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, पण आपल्याकडे असं कुणी केलं नाही का?"

लसूण सोलणाऱ्या बायका नेमक्या मुद्द्याचं विचारतात.

आता आपल्याकडचं सांगतो. कुर्ल्याहून कलिन्याकडे जाणारा एक रस्ता आहे, सी. एस. टी. रोड. या नावावरून मी पैज लावतो, की शंभरांतले नव्वद लोक छत्रपती शिवाजी टर्मिनस सांगतील. रिक्षावालाही तेच समजतो आणि 'उधर नहीं जायेगा' म्हणतो. वास्तविक ते आहे सेंट्रल साल्सेट ट्रॅमवे. ट्रॉम्ब्याहून कुर्ल्यावरून थेट अंधेरीपर्यंत जाणारी ही रेल्वे १९२८ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. सहा वर्षांचं आयुष्य! तिच्यासाठी सत्तर माणसं जमली नाहीत, सातही जमली नसतील. मग पूर्व उपनगरातून अंधेरीला थेट गाडीनं जायला माणसाला २०१४ ची मेट्रो उजाडावी लागली. मधली ऐंशी वर्षं घाटकोपरकरांनी दादरचा वळसा घातला, नाहीतर बसच्या दांड्याला लोंबकळून अंधेरी गाठली. साल्सेट ट्रॅमवेचं स्मारक म्हणाल तर रस्त्याच्या पाटीवरची तीन अक्षरं, तीही दुसऱ्याच्या नावानं ओळखली जाणारी.

पण आपल्याकडे टालिलिनची एक सख्खी चुलतबहीणही आहे आणि ती मुलुंडहून फार लांब नाही. नेरळ-माथेरान. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी माथेरानची हवा शोधून काढली. हवा तिथे आधीपासून होतीच, पण कलेक्टरनं शोधेपर्यंत ती कागदोपत्री नव्हती. वर जायला घोडा, पालखी नाहीतर स्वतःचे पाय. मग मुंबईचे बोहरी व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, मुलगा अब्दुल हुसेन यानं डोंगरात ठाण मांडलं आणि सोळा लाख रुपये खर्चून १९०७ साली दोन फुटी रूळ माथ्यावर नेऊन टेकवले. जवळजवळ वीस किलोमीटरची वाट, पण वळणं अशी की इंजिनाला शेवटचा डबा समोरून भेटावा. त्यासाठी जर्मनीहून चार खास इंजिनं आणली. त्यांची पहिली आणि शेवटची चाकं वळणावर थोडी आडवी सरकत. कमरेत लवचीकपणा असल्याखेरीज हा घाट चढता येत नाही, हे चाळिशीनंतर पायी गेलेल्यांना वेगळं सांगायला नको.

त्या चारांपैकी एक इंजिन, क्रमांक ७४०, पुढे इंग्लंडात गेलं आणि लेटन बझर्ड या गावच्या, स्वयंसेवकांनीच चालवलेल्या छोट्या रेल्वेच्या घरी पोचलं. म्हणजे आमची पोरगी तिकडे नांदायला गेली! भाच्याला मी फोनवर म्हटलं, "अरे, आधी तिची खबरबात घे, मग वेल्समध्ये खडी टाक. माहेरचं माणूस म्हणून जा."

इकडे माहेरी काय झालं? २६ जुलै २००५ च्या पावसात माथेरानची वाट जागोजागी वाहून गेली. लोक म्हणाले, संपलं. २००७ साली गाडी पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसानं पुन्हा तोच प्रकार. लोक पुन्हा म्हणाले, संपलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये गाडी पुन्हा नेरळहून वर गेली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली 'वनराणी'ही तशीच. २०२१ च्या तौक्ते वादळानं तिचे रूळ मोडले, ती चार वर्षं बसून होती. माझ्या नातवानं तेवढ्या काळात 'आजोबा, गाडी कधी सुरू होणार?' हा प्रश्न बोबडा आणि स्पष्ट अशा दोन्ही उच्चारांत विचारून घेतला. २०२५ साली ती बॅटरीवर धावू लागली. या सगळ्या दुरुस्त्या पगारी माणसांनी केल्या, हे खरं. पण दरडीखालून रूळ उकरून काढणाऱ्या, कंबरेला दोर बांधून घाटात उतरणाऱ्या माणसाला पगार मिळतो, म्हणून त्याच्या हाताखालचं काम बिनप्रेमाचं असतं, असं मी तरी म्हणणार नाही.

सौ.चा प्रश्न मात्र उरलाच. विचार करता करता मला वाटलं, की वेल्सच्या मंडळींनी प्रेम केलं ते काम संपलेल्या गाडीवर. गाडी निवृत्त झाली आणि लोकांना ती आवडू लागली. माणसाचं बरोबर उलट असतं. आमच्या लोकलला निवृत्त व्हायला फुरसतच नाही. पहाटे चारला उठते, रात्री एकला निजते. अशा घरच्या कर्त्या बाईचा कोणी सत्कार करत नाही, पण वर्षातून एकदा तिला साडी आणतात.

ती साडी आम्ही दसऱ्याला नेसवतो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो, की खंडेनवमीला किंवा दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी मुंबईच्या लोकलचे डबे प्रवासी स्वतः सजवतात. झेंडूची तोरणं, आंब्याचे टाळे, रंगीत पताका, देवाचा फोटो, नारळ, आरती आणि पेढे. हे कुठल्या साहेबाच्या हुकमानं होत नाही. ज्या गाडीला वर्षभर शिव्या घातल्या, तिलाच कुंकू लावायचं. पुण्याची मंडळी 'डेक्कन क्वीन'चा १ जूनला वाढदिवस करतात, १९३० सालचा जन्म धरून. तेही याच जातीचं. रूळ टाकायला आपण गेलो नसू, पण स्वयंसेवक आपल्याकडे नाहीत असं कोण म्हणतो? आठ-सतराला आमच्या एका डब्यात बावीस होते.

बावीस जणांचा आमचा ग्रुप. गाडी ठाण्याहून सुटायची, म्हणून आदल्या रात्रीच तोरणं ओवून आम्ही पहाटे ठाणं गाठायचो. एकजण परळहून फुलं आणायचा, एकाकडे सुतळी, एकाकडे आरतीचं तबक. हिशेबाची वही माझ्याकडे. मग एकेक निवृत्त होत गेला. कोणी जागा विकून बदलापूरला गेला, कोणी मुलाकडे पुण्याला. दोघं तर आता कुठल्याच गाडीला नाहीत. मी निवृत्त झाल्यावरही दर खंडेनवमीला तिकीट काढून जात राहिलो. गेल्या वर्षी आम्ही चौघं होतो, चौघंही साठीपुढचे. स्टुलावर चढून तोरण बांधायला कुणाचाही गुडघा तयार होईना. तोरण निम्म्यावर लोंबत राहिलं. आरती म्हटली, पण टाळ्या वाजवायला आठच हात. बाकीचा डबा कानांत बोंडं घालून मोबाइलमध्ये बघत होता. मी वहीत खर्च लिहिला आणि खाली रेघ मारली. रेघ जरा जाड ओढली गेली. सर हेडन गेले तेव्हा टाउइनच्या स्टेशनात कसं वाटलं असेल, हे मला त्या रेघेशी पुरतं कळलं. रेल्वे काय किंवा तोरण काय, ते लोखंडानं टिकत नाही आणि सुतळीनंही नाही. शनिवारी सकाळी कोण येतो, एवढ्यावर टिकतं.

भांडुपला एक पोरगा चढला. विशीतला, पाठीवर सॅक. त्यानं लोंबणारं तोरण पाहिलं, कानांतली बोंडं काढली, सीटच्या कडेवर पाय दिला आणि टोक वरच्या दांड्याला बांधलं. गाठ बरोबर मारली. मग खाली उतरून म्हणाला, "काका, हे दर वर्षी करता तुम्ही? मी आणि माझे दोन मित्र रोज याच डब्यात असतो. आम्हांला कधी सांगितलं नाहीत?"

कुर्ल्यापर्यंत त्यानं माझी वही चाळली. झेंडू किती किलो, कोणत्या गाळ्यावर स्वस्त मिळतो, तोरण दाराच्या मापापेक्षा वीतभर मोठं का घ्यायचं, पेढे उघडायचे ते दादर गेल्यावर का (कारण दादरला डबा भरतो आणि पेढे पुरत नाहीत), हे सगळं चौतीस वर्षांचं शास्त्र त्यात आहे. त्यानं मोबाइलवर पानापानाचे फोटो काढले. मी म्हटलं, "फोटो कशाला? वहीच घेऊन जा." तेव्हा त्यानं ती जपून सॅकमध्ये ठेवली, डब्याच्या पिशवीच्या वर, आमटी सांडणार नाही अशी.

परवा त्याचा फोन आला. "काका, यंदा अकरा जण झालोत. दोन मुली आहेत, पलीकडच्या डब्यातल्या. त्या म्हणतायत, त्यांचाही डबा सजवायचा. वर्गणी पन्नास ठेवलीय, चालेल ना? आणि तुम्ही नुसते येऊन बसा, काम आम्ही करू."

मी म्हटलं, "बसायला येतो कोण! ठाण्याला पहाटे पाचला येतो. तोरणं ओवायला दोन सुया माझ्या आणतो."

संध्याकाळी तो मुलुंडला उतरून घरी आला, पाणी प्यायला. मी पन्नास रुपये त्याच्या हातात ठेवले आणि पावती मागितली.